टॅब्लेटला अपडेट आलंय, टाकू का?

आमच्या गाण्याच्या क्लासचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यावर दर सप्टेंबरात हा मेसेज पडतोच. 'ताई, आयपॅडला अपडेट आलंय, टाकू का?' आणि विचारणाऱ्याचं बोट ऑलरेडी त्या बटणावर असतं, विचारायचं म्हणून विचारलेलं असतं. मी काही कम्प्युटरवाली नाही, गाणं शिकवते. पण क्लासमध्ये आता तानपुरा टॅब्लेटवर, तबला टॅब्लेटवर, बंदिशींच्या पीडीएफ टॅब्लेटवर, म्हणजे टॅब्लेट बसला की क्लास बसला, त्यामुळे झक मारत हे सगळं शिकावं लागलं. प्रत्येकाला वेगळं टाइप करत बसण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवते.

घाईत असाल तर एवढंच वाचा. छोटं अपडेट असेल तर आठवड्याभरात टाका. मोठं असेल तर दीड-दोन महिने थांबा. टॅब्लेट पाच-सहा वर्षांचा म्हातारा असेल तर मोठं टाकायच्या आधी दहादा विचार करा. आणि उद्या कार्यक्रम असेल तर आज कशालाही हात लावू नका, भले ते कितीही छोटं असो.

आता सविस्तर.

मोठं की छोटं

सगळ्यांना फक्त 'अपडेट' हा शब्द दिसतो, पण त्यात दोन जाती आहेत. छोटं अपडेट म्हणजे तानपुऱ्याची जवारी लावून घेणं, वाद्य तेच, जरा साफ झालं. मोठं अपडेट म्हणजे भोपळाच बदलणं. बदलून चांगलंही होईल, पण आवाज तोच राहील याची खात्री नाही, आणि जुना भोपळा परत बसवता येत नाही.

आयपॅडवर सेटिंग्जमध्ये जा, मग जनरल, मग सॉफ्टवेअर अपडेट. तिथे जो आकडा दिसतो त्यात पॉइंटच्या आधीचा आकडा बदलत असेल तर मोठं, पॉइंटनंतरचा बदलत असेल तर छोटं. सोपं आहे. फक्त २०२५ मध्ये ॲपलने गोंधळ घातला, १८ नंतर एकदम २६ आणलं, कारण आता आकडा येणाऱ्या वर्षावरून ठेवायचं त्यांनी ठरवलं. एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी घाबरून फोन केला होता की आमची मधली सात अपडेट राहिली का म्हणून. राहिली नाहीत हो, १९ ते २५ आलीच नाहीत कधी.

दुसरी गोष्ट, त्या स्क्रीनवर खाली स्क्रोल करून बघा, कधीकधी दोन पर्याय असतात. १५ सप्टेंबर २०२५ ला आयपॅडओएस (आयपॅडची सिस्टीम) २६ आलं त्याच दिवशी १८.७ पण आलं होतं. म्हणजे भोपळा न बदलता नुसती जवारी लावायची सोय होती, पण लोकांचं लक्ष मोठ्या चकचकीत पर्यायाकडेच जातं. हा दुसरा पर्याय मात्र कायम राहत नाही. २०२१ मध्ये १५ आलं तेव्हा १४ वरच राहून सुरक्षेची अपडेट घ्या अशी सोय दिली होती, लोक निवांत बसले, आणि जानेवारी २०२२ मध्ये ती सोय बंद झाली. त्यामुळे 'मी जुन्यावरच राहणार' हा बेत काही महिन्यांचाच असतो असं धरून चाला.

अँड्रॉइडवर जरा जास्त भानगड आहे कारण तिथे तीन वेगवेगळ्या गोष्टी अपडेट होतात. एक म्हणजे अँड्रॉइडचं मोठं व्हर्जन, १४ वरून १५, १५ वरून १६ असं (सॅमसंगवाल्यांना ते वन यूआयच्या नावाने दिसतं). दुसरा सिक्युरिटी पॅच, म्हणजे सुरक्षेतली भोकं बुजवणारं ठिगळ, ज्याला आकडा नसतो, तारीख असते. तिसरं गूगल प्ले सिस्टीम अपडेट, हे अँड्रॉइड १० पासून आलंय, छोटंसं असतं, मुकाट्याने टाकून द्यायचं. सॅमसंगच्या टॅबवर सेटिंग्जमध्ये अबाउट टॅब्लेट, त्यात सॉफ्टवेअर इन्फर्मेशन, तिथे पॅचची तारीख दिसेल. ती तारीख वर्षभर जुनी असेल आणि तुम्ही त्या टॅबवर बँकेचं ॲप वापरत असाल तर आज हे वाचून झाल्यावर पहिलं काम अपडेट आलंय का बघून टाकायचं करा. आणि प्ले स्टोअरमध्ये 'अपडेट ऑल' दाबलं म्हणजे टॅबचं अपडेट झालं असं नाही, ती फक्त ॲप्स झाली. हे मी आईला निदान वीस वेळा सांगितलंय.

केव्हा टाकायचं

आमचा क्लासचा नियम आहे, पितृपक्षातलं अपडेट दिवाळीनंतर. हसू नका, तारखा बघा.

ॲपलचं मोठं अपडेट बहुतेक दर वर्षी सप्टेंबरात येतं, म्हणजे आपल्याकडे गणपती नाहीतर पितृपक्ष. २०२४ मध्ये आयपॅडओएस १८ आलं १६ सप्टेंबरला, दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी. आणि झालं काय, काही एम४ चिपवाले आयपॅड प्रो, म्हणजे त्याच वर्षी मे महिन्यात आलेले सगळ्यात नवे आणि सगळ्यात महाग, हे अपडेट टाकल्यावर चालूच होईनात. ॲपलला त्या मॉडेलसाठी अपडेट मागे घ्यावं लागलं. दुरुस्त केलेलं १८.०.१ आलं ३ ऑक्टोबरला, त्या दिवशी आपली घटस्थापना होती. ज्यांनी विसर्जनाच्या गडबडीत अपडेटकडे बघितलंच नाही ते सुखात राहिले. नवीन टॅब्लेट आहे म्हणजे आपल्याला काय भीती असं म्हणणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

पुढच्या वर्षी २६ आलं ते तर थेट पितृपक्षात. त्यात खिडक्यांची पद्धतच बदलली. आपल्या लोकांची सवय काय, की मोठ्या स्क्रीनवर बंदिश लावायची आणि कडेने तानपुऱ्याचं ॲप सरकवून घ्यायचं. ते कडेने सरकवणं, म्हणजे स्लाइड ओव्हर, २६ मध्ये काढूनच टाकलं होतं आणि स्प्लिट व्ह्यूच्या, म्हणजे स्क्रीन दोन ॲप्समध्ये वाटून घेण्याच्या जागी कम्प्युटरसारख्या खिडक्या आल्या. लोकांनी आरडाओरडा केला. मग ३ नोव्हेंबरला २६.१ आलं त्यात स्लाइड ओव्हर परत आलं, आणि ते काचेसारखं पारदर्शक डिझाइन ज्यांना वाचायला त्रासदायक वाटत होतं त्यांच्यासाठी ते कमी पारदर्शक करायचं सेटिंगही आलं. दिवाळी होऊन दोन आठवडे झाले होते. जे थांबले त्यांना तीच मिठाई बुरशी काढून मिळाली.

म्हणून मोठ्या अपडेटच्या बाबतीत पॉइंट शून्य कधीही नाही, पॉइंट एक आलं की विचार करायचा.

छोट्यांनाही मी त्याच रात्री टाका म्हणत नाही, चार-पाच दिवस जाऊ द्या म्हणते, त्याचं कारण २०१६. मे महिन्यात आयओएस ९.३.२ आलं (तेव्हा आयपॅडला आयफोनचीच आयओएस सिस्टीम होती, वेगळं आयपॅडओएस २०१९ पासून) आणि ते टाकल्यावर ९.७ इंची आयपॅड प्रो 'एरर ५६' दाखवून बंद पडायला लागले. नीट केलेलं अपडेट २ जूनला आलं. नाव छोटं, काम मोठं झालं. चार-पाच दिवसांत असला गोंधळ असेल तर बातम्यांत येतोच, आपल्या मॉडेलचं नाव आणि अपडेटचा आकडा टाकून सर्च मारायचा, दोन मिनिटांचं काम.

अँड्रॉइडवर ही थांबायची सोय कंपनीच करून देते. अपडेट टप्प्याटप्प्याने सोडतात, देशानुसार, मॉडेलनुसार. 'शेजारणीच्या टॅबला आलं, माझ्या का नाही' म्हणून चिडायचं कारण नाही. आणि नेटवरून फाइल उतरवून जबरदस्तीने टाकायचा उद्योग तर बिलकुल करू नका, दुसऱ्या देशाची किंवा दुसऱ्या मॉडेलची फाइल पडली की मग सर्व्हिस सेंटरच्या रांगा.

या सगळ्याला अपवाद एकच, आग लागलेली असेल तर. म्हणजे असं की सिस्टीममध्ये भोक सापडलंय आणि ते कोणीतरी ऑलरेडी वापरतंय. ७ सप्टेंबर २०२३ ला आयपॅडओएस १६.६.१ आलं ते याच प्रकारचं. टोरोंटो विद्यापीठातल्या सिटिझन लॅबने शोधून काढलं होतं की आपण कुठेही टॅप न करता नुसत्या आलेल्या मेसेजमधून पेगॅसस हे हेरगिरीचं सॉफ्टवेअर आत शिरतंय. चार दिवसांत जुन्या उपकरणांसाठी १५.७.९ पण सोडलं, यावरून किती निकडीचं होतं ते समजा. आता मान्य, तुमच्या-माझ्या आयपॅडवर पेगॅसस सोडायला कोणाला वेळ नाही, यमनच्या रेकॉर्डिंग ऐकून कोण काय करणार. पण एकदा भोक जाहीर झालं की मग लहान-मोठे सगळेच उंदीर तिकडे धावतात. तेव्हा अपडेटच्या सुरक्षा-माहितीत 'ही त्रुटी प्रत्यक्षात वापरली गेली असू शकते' अशा अर्थाचं वाक्य असेल तर चार दिवस वगैरे नाही, लगेच टाकायचं. आपल्याकडे सर्ट-इन म्हणून सरकारी संस्था आहे ती असे इशारे काढते, आणि पेपरवाले त्याची 'आयपॅड वापरताय? सावधान!' अशी बातमी करतात. बातमी वाचून घाबरू नका, त्यात कुठल्या व्हर्जनच्या आधीची उपकरणं धोक्यात आहेत तो आकडा शोधा आणि आपला आकडा ताडून बघा. बऱ्याचदा आपण ऑलरेडी पुढे असतो.

टॅब्लेट म्हातारा असेल तर

इथे मात्र माझं मत जरा कडक आहे. २०१२ चा नेक्सस ७ कोणाला आठवतो का? सात इंची, स्वस्त, गूगलचा, अँड्रॉइड ४.१ घेऊन आलेला आणि १ जीबी रॅमचा, त्या काळात भारी वाटायचा. नोव्हेंबर २०१४ मध्ये त्याला अँड्रॉइड ५ लॉलीपॉप मिळालं, लोकांनी आनंदाने टाकलं, आणि तो इतका स्लो झाला की ॲप उघडायला टॅप करून चहा ठेवून यावा. तसाच आयपॅड २, २०११ मध्ये आयओएस ४ वर आला आणि थेट ९ पर्यंत अपडेट मिळत गेली. कागदावर केवढं कौतुक, पाच मोठी अपडेट! वापरणाऱ्यांना विचारा, शेवटी शेवटी कीबोर्डवर अक्षर दाबलं की ते उमटायची वाट बघायला लागायची.

अपडेट 'मिळतंय' म्हणजे ते आपल्या टॅब्लेटला 'झेपतंय' असं नाही. कंपनी शेवटच्या पायरीपर्यंत देते, पण नवीन सिस्टीम नवीन मशीन डोळ्यासमोर ठेवून लिहिलेली असते. म्हणून आयपॅडच्या बाबतीत मी सांगते की आपल्या मॉडेलला मिळणारं अगदी शेवटचं मोठं अपडेट असेल आणि आत्ता सगळं नीट चालतंय, तर जोवर जुन्या व्हर्जनला सुरक्षेची छोटी अपडेट येतायत तोवर तिथेच रहा. उदाहरणार्थ आठव्या पिढीचा साधा आयपॅड, ३ जीबी रॅमचा, त्याला २६ चालतं, पण माझा असता तर मी शक्य तितके दिवस १८ वरच ठेवला असता. सातव्या पिढीचा, म्हणजे २०१९ चा असेल तर प्रश्नच मिटला, त्याला २६ येतच नाही, १८ वाली छोटी अपडेट येतील ती टाकत रहा.

अँड्रॉइडमध्ये ही पळवाट बहुतेक चालत नाही. तिथे अपडेट रांगेत येतात, मोठं टाकलं नाही तर पुढचे सिक्युरिटी पॅचही सहसा मिळत नाहीत, गाडी तिथेच उभी. म्हणून अँड्रॉइडवाल्यांनी दोन महिने थांबून टाकावं, आणि टॅब अगदीच अशक्त असेल तर मोठं न टाकता त्याच्यावरून बँक, यूपीआय, मुख्य ईमेल काढून घ्यावं आणि मग त्याला सुखाने जगू द्यावं. नवीन घेताना दुकानदाराला किती वर्षं अपडेट देणार ते विचारा. रॅम विचारतात, कॅमेरा विचारतात (टॅब्लेटचा कॅमेरा कोण वापरतं पण?), हे कोणीच विचारत नाही. सॅमसंगने २०२४ च्या टॅब एस१० ला सात वर्षांचं वचन दिलंय, स्वस्तातल्या टॅबना त्याच्या मानाने बरंच कमी असतं.

शाळेने दिलेला टॅब असेल तर हात लावू नका, ते शाळा ठरवते. विंडोजवाले टॅब्लेट क्लासमध्ये दोघांकडेच आहेत, त्यांना एवढंच की विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तुमच्या मशीनवर ११ बसतं का ते बघा.

तुम्ही त्यावर करता काय

खरं तर हा प्रश्न पहिला यायला हवा होता. नुसतं यूट्यूब आणि सिरीयल बघणाऱ्याला पॉइंट शून्य टाकूनही फार काही होत नाही. पण ज्याचं पोट किंवा रियाज एका विशिष्ट ॲपवर अवलंबून आहे त्याने त्या ॲपचा विचार आधी करायचा.

सप्टेंबर २०१७ ची गोष्ट सांगते. आयओएस ११ आलं आणि जुनी ३२-बिट ॲप्स (जुन्या प्रकारच्या प्रोसेसरसाठी लिहिलेली) चालणं एका झटक्यात बंद झालं. ज्या ॲपचा बनवणारा अजून काम करत होता त्याने नवीन करून दिलं. पण कितीतरी छोटी ॲप्स, कोणीतरी हौसेने केलेली, लहऱ्याची, स्वरज्ञानाची, तालाची, ज्यांचा मालक केव्हाच दुसऱ्या नोकरीला लागलेला, त्यांना कोण वाली? ती गेलीच. पैसे देऊन घेतलेली असली तरी गेली.

तेव्हा मोठं अपडेट टाकायच्या आधी आपल्या दोन-तीन जीव की प्राण ॲप्सचं पान ॲप स्टोअर किंवा प्ले स्टोअरमध्ये उघडायचं आणि शेवटचं अपडेट कधीचं आहे ते बघायचं. गेल्या दोन-तीन महिन्यांतलं असेल तर मालक जागा आहे. तीन वर्षांपूर्वीचं असेल तर थांबा, तेच ॲप नव्या सिस्टीमवर वापरणारा कोणीतरी शोधा, विचारा, मगच. माइक, ऑडिओ इंटरफेस, मिडी कीबोर्ड असं काही टॅबला जोडत असाल तर त्या कंपनीच्या पानावरही बघा.

आता दुसरी बाजू, कारण आमच्याकडे एक काका आहेत, 'मी कध्धीच अपडेट करत नाही, काय बिघडलं?' असं छातीठोक सांगणारे. बिघडतं, फक्त सावकाश. ३० सप्टेंबर २०२१ ला इंटरनेटवरच्या असंख्य वेबसाइट ज्याच्या भरवशावर होत्या असं एक जुनं मूळ सर्टिफिकेट (साइट खरी आहे याची हमी देणारं) संपलं. आयओएस ९ किंवा त्याहून जुन्यावर अडकलेल्या आयपॅडवर दुसऱ्या दिवसापासून साइट उघडताना 'कनेक्शन सुरक्षित नाही' अशा बोंबा. आयपॅडमध्ये बिघाड शून्य, पण जग पुढे गेलेलं. मे २०२५ मध्ये आयपॅडसाठी व्हॉट्सॲप आलं, इतकी वर्षं लोक वाट बघत होते, तेही फार जुन्या सिस्टीमवर बसत नाही. तेव्हा कधीच न टाकणं हा पण एक निर्णयच आहे, त्याची किंमत उशिरा कळते इतकंच.

मागे फिरता येत नाही

हे वेगळं लिहिते एवढ्यासाठी की सगळे इथेच फसतात. 'टाकून बघते, नाही आवडलं तर काढते' हे ॲपच्या बाबतीत ठीक, सिस्टीमच्या बाबतीत नाही. ॲपल नवीन व्हर्जन आलं की काही दिवसांत किंवा आठवड्यांत जुन्या व्हर्जनवर सही करणं, म्हणजे ते टाकायला मंजुरी देणं, बंद करतं, आणि सही नसलेलं व्हर्जन आयपॅड घेतच नाही. अँड्रॉइडवर काही वेळा मागे येता येतं, पण सगळा टॅब पुसून, कम्प्युटर लावून, आणि बऱ्याच मशीनमध्ये कंपनीने ती वाटही बंद केलेली असते.

बीटा, म्हणजे चाचणीसाठी आधीच सोडलेलं कच्चं अपडेट? नाही. विचारूच नका.

टाकायचं ठरलंच तर

आधी पिन आठवतोय का बघा. खरंच सांगते. आईचा टॅब वर्षानुवर्षं बोटाने उघडायचा, मी अपडेट टाकलं, टॅब रीस्टार्ट झाला आणि पिन मागायला लागला, कारण रीस्टार्टनंतर पहिल्यांदा बोट चालत नाही, पिनच लागतो. आई म्हणाली, 'कुणाचातरी वाढदिवस ठेवलाय.' कुणाचा? बाबांचा टाकला, चुकला. माझा टाकला, चुकला. भावाचा. मग टॅबने सांगितलं थांबा जरा, आणि दर चुकीला थांबायचा वेळ वाढायला लागला. तास-दीड तासाने भाच्याच्या वाढदिवसाला उघडला. माझा नाही, भावाचा नाही, नातवाचा! तर पिन आणि ॲपल आयडीचा किंवा गूगलचा पासवर्ड वहीत लिहून वही जवळ घेऊन बसा.

मग बॅकअप. आयक्लाउडवर फुकट ५ जीबीच मिळतात, त्यात काही मावत नाही, त्यामुळे शक्य असेल तर कम्प्युटरला जोडून घ्या. आणि बॅकअप झाला म्हणजे सगळं आलं असं समजू नका, विशेषतः अँड्रॉइडवर. रेकॉर्डिंगच्या ॲपमध्ये आत साठवलेले क्लासचे रेकॉर्डिंग, पीडीएफवर पेन्सिलने केलेल्या खुणा, हे हाताने बाहेर काढून ड्राइव्हवर किंवा कम्प्युटरवर टाका. माझे २०१८ चे गुरुजींच्या तालमीचे रेकॉर्डिंग असेच एका ॲपच्या पोटात होते. गेले. दोष माझाच, कॉपी काढायला अर्धा तास लागला असता.

जागा बघा. ३२ जीबीच्या आयपॅडवर 'पुरेशी जागा नाही' हे ठरलेलं. फोटो डिलीट करत बसण्याआधी हे करून बघा, आयपॅड कम्प्युटरला जोडून तिथून अपडेट टाका, मॅकवर फाइंडरमधून, विंडोजवर ॲपल डिव्हायसेस किंवा आयट्यून्समधून, त्याला आयपॅडवर कमी रिकामी जागा लागते.

चार्जिंग निम्म्याच्या वर आणि चार्जर लावलेला. लाइट जाण्याची भीती बऱ्याच जणांना असते (आमच्याकडे पावसाळ्यात जातेच), तर डाउनलोड चालू असताना लाइट गेली, राउटर बंद पडला, तर काही होत नाही, आल्यावर पुढे सुरू होतं. इन्स्टॉल चालू असताना टॅबची स्वतःची बॅटरी संपणं हे वाईट, म्हणून चार्ज आधी करायचा. त्या वेळात बटणं दाबून बघू नका. काळी स्क्रीन आणि लोगो दहा-पंधरा मिनिटं दिसला म्हणजे टॅब मेला असं नाही.

वेळ म्हणाल तर पुढचे दोन दिवस काही नाही अशा दिवशी, सकाळी, जागं असताना. रात्री टाकून झोपायचं नाही. मी एकदा 'आज रात्री' वाला पर्याय दाबून झोपले, सकाळी सातची बॅच दारात, आणि टॅब 'तयारी करत आहे' म्हणत बसलेला. त्या दिवशी खऱ्या तानपुऱ्यावरची धूळ झटकली, मुलांना सुरात लावायला पाऊण तास गेला.

टाकून झाल्यावर पहिले एक-दोन दिवस टॅब गरम होईल, बॅटरी लवकर उतरेल. आत फोटो, फाइली सगळ्यांची नव्याने मोजदाद चालू असते, ॲपल स्वतः सांगतं की हे तात्पुरतं आहे. लगेच 'अपडेटने बॅटरी खाल्ली' असा निष्कर्ष काढू नका, आठवडा द्या. तेवढ्यात तानपुरा लावून स्क्रीन बंद करून बघा वाजत राहतो का, माइकची परवानगी शाबूत आहे का, ब्लूटूथ स्पीकर जोडला जातोय का. कार्यक्रमाच्या स्टेजवर हे तपासायची वेळ येऊ देऊ नका.

आपोआप होऊ नये म्हणून

इतकं सगळं ठरवून उपयोग काय जर टॅबने रात्री स्वतःच टाकून घेतलं तर. आयपॅडवर त्याच सॉफ्टवेअर अपडेटच्या पानावर ऑटोमॅटिक अपडेट्स आहे, त्यात आयपॅडओएसचं आपोआप इन्स्टॉल होणं बंद करा, पण सिक्युरिटीवालं बटण दिसलं तर ते चालू ठेवा. सॅमसंगवर सॉफ्टवेअर अपडेटमध्ये वायफायवर आपोआप डाउनलोड व्हायचं बटण आहे ते बंद करा. आयपॅडने ऑलरेडी डाउनलोड करून ठेवलं असेल आणि रोज टुमणं लावत असेल तर जनरलमध्ये आयपॅड स्टोरेज, तिथे यादीत ते अपडेट सापडेल, डिलीट करा, जागाही मोकळी होते.

आणि हो, सिस्टीमचं अपडेट फक्त सेटिंग्जमधून, नाहीतर वर सांगितलं तसं कम्प्युटरला जोडूनच येतं. ब्राउझरमध्ये लाल पट्टी आली, 'तुमचा टॅब्लेट कालबाह्य झालाय, इथे दाबा', किंवा व्हॉट्सॲपवर कोणी एपीके फाइल (अँड्रॉइडवर ॲप बसवायची फाइल) पाठवली, तर ते अपडेट नाही, चोर आहे. पाठवणारा ओळखीचा असला तरी. त्याचा फोन हॅक झालेला असतो, त्याला साधा कॉल करून सांगा.

तर आता ज्यांनी या आठवड्यात विचारलंय त्यांनी मला चार गोष्टी पाठवा. मॉडेल, आत्ताचं व्हर्जन, आलेलं व्हर्जन, शिल्लक जागा. आयपॅडवर जनरलमध्ये अबाउट उघडलं की पहिलं, दुसरं आणि चौथं एकाच पानावर मिळतं, स्क्रीनशॉट चालेल, फक्त त्यातला सीरियल नंबर झाकून पाठवा. नुसतं 'ताई टाकू का' असं आलं तर उत्तर देणार नाही.